जमीलभाईच्या पोटाची साक्ष

जमील : गाडी जुपलेलीच ठिव हिरासिंग, पण हलवू नको. पुड्या सापडल्याबिगर मी घरातून पाय काढायचा न्हाई.

हिरासिंग : जुपलेलीच हाय भिया. बैलं उभ्या उभ्या पेंगून राहिली. तिकडं हकीमसाब पारावर पेट्या बांधून बसलेत. उन्हं चढायच्या आत औंढ्याच्या रस्त्याला लागायचं म्हणले होते.

जमील : अगं चाँदबी, कोनाड्यातल्या पुड्या कुठं गेल्या?

चाँदबी : कोणत्या पुड्या?

जमील : कोणत्या म्हणून काय इचारती? हकीमसाबनं आपल्या अजरासाठी दिल्या त्या. औंढ्याला जाऊनच राहिलो, तर लेकीच्या घरी देऊन येतो म्हणलं. तांबड्या दोऱ्यानं बांधून ठिवल्या होत्या.

चाँदबी : मंग असतील कोनाड्यात. मी शेळी पिळू, चूल पेटवू, का तुमच्या पुड्यांवर पहारा करू?

जमील : कोनाड्यात न्हाईत.

चाँदबी : मंग उंदरानं नेल्या. आता तो उंदीर आतून नितळ होईल.

जमील : औषधाची मस्करी करू नये चाँदबी. अन् तू काय दात काढून राहिला रे हिरासिंग?

चाँदबी : मस्करी मी करून राहिले? हिरासिंगभाऊ, तुमीच सांगा. तुमचा दोस्त बापजाद्याचा हातमाग सोडून आजपासून गावोगाव फिरणार. कशापायी? तर बाजारात उभं ऱ्हाऊन लोकाला सांगायचं, माझ्या पोटातून काय निघालं! आज औंढा, उद्या हिंगोली, परवा अल्लाला ठावं कुठं. अन् मी इथं रिकाम्या मागाकडं बघत बसू? तुमाला मी तांड्यावरचं शहाणं माणूस समजत होते. तुमीच त्याला गाडीत घालून नेऊन राहिले.

हिरासिंग : मी काय बोलणार भाबी? म्या बी पुडी घेतली ना.

चाँदबी : तौबा! तुमी बी?

हिरासिंग : म्या, रूपसिंगनं, आमच्या जिवनबाईनं. अर्ध्या तांड्यानं घेतली. हकीमसाब परगावचा माणूस, त्याचं कोण ऐकतं? पण जमीलभाई उभा राहिला अन् म्हणला, मी खाल्ली, मला गुण आला. आता त्यानं इणलेलं धोतर आमी नेसतो. त्याचा धागा कधी खोटा निघाला न्हाई, मंग बोलणं खोटं कसं म्हणायचं?

जमील : ऐकलंस? म्हणून तर हकीमसाब मला सोबत नेऊन राहिले. काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, जमीलमियाँ, दवा मेरी, जबान तुम्हारी.

चाँदबी : जबान तुमची. ती माझ्या घरची भाकर खाऊन वाढलीय, हे न्हाई सांगतलं त्याला?

जमील : तुला समजंना त्यातलं, म्हणून बोलती. माणसाच्या आतड्याला आतून लेप बसतो. पाण्याच्या रांजणाला बुळबुळीत शेवाळ बसतं का न्हाई, तसा. खाल्लेलं त्याच्यात अडकतं, सडतं. त्याला फासिद माद्दा म्हणतात. डोकं दुखणं, अंग जड होणं, भूक मरणं, समदं त्याच्यापायी. पुडी घेतली की दुसऱ्या सकाळी तो दोरीवाणी निघून येतो. माझा निघाला तवा हकीमसाबनं धुऊन, काडीवर धरून उजेडात पाह्यला. म्हणाले, जमीलमियाँ, हा तुमच्या शादीतला पुलाव.

चाँदबी : आपल्या शादीत पुलाव नव्हता.

जमील : आँ?

चाँदबी : त्या साली पाऊस न्हाई, तांदूळ न्हाई. दालचा अन् ज्वारीची भाकर होती. वराडी अजून नावं ठिवतात.

जमील : मंग दालचा असंल. काडीवर धरल्यावर इतकं बारीक कळत असतं का!

हिरासिंग : मपल्यात पाहून तर हकीमसाब म्हणले, तुमी लेकरू असताना माती खाल्ली होती. अन् खरंच खाल्ली होती भाबी! मपली याडी, मपली माय, जिती होती तवर सांगायची.

चाँदबी : माती कोणत्या लेकरानं खाल्ली न्हाई? मी बी खाल्ली. मला पुडी न घेता कळलं.

हिरासिंग : पण मपली दोरी लांब होती. जमीलभाईच्यापेक्षा लांब.

जमील : लांब असंल, पण बारीक. माझी चांगली जाड होती. लांबीवर काय जातो तू?

हिरासिंग : रूपसिंगची त्याच्याहून लांब होती. अख्ख्या तांड्याला दाखवली त्यानं. आता तो कोणाशी नीट बोलत न्हाई.

चाँदबी : तुमाला दोघाला लाज शरम? हिरासिंगभाऊ, या माणसानं त्याची ती दोरी कुंपणाला टांगून ठिवली होती. येणारा जाणारा बघावा म्हणून! शेजारची इशरत अंधाऱ्या पहाटे लुगडं वाळू घालायला आली, हातात ते आलं, अन् साप साप म्हणून अशी किंचाळली की मशिदीतून माणसं काठ्या घेऊन पळत आली.

जमील : ते जाऊ दे. मला आराम पडला का न्हाई, ते सांग. खरं बोल.

चाँदबी : पडला. खोटं काहून बोलू? सकाळी लोटा घेऊन जात होते ते ऊन तापल्यावर घामेघूम होऊन परत येत होते. दिवसभर तोंड एरंड प्याल्यावाणी. ते थांबलं. मला बी बरं वाटलं.

जमील : मंग झालं तर! ज्या दवानं मला गुण आला, ती मी लोकाला सांगू नको? पोटाची तकलीफ काय असते ते मला ठावं हाय. माझ्यावाणी कुथत बसलेली माणसं गावोगाव हाईत.

चाँदबी : सांगा की. इथं बसून सांगा.

जमील : इथं बसून कोण ऐकतं? आता जास्त बोलू नको, निघायच्या टायमाला डोळ्याला पाणी आणू नको. माझ्यामागं तुला तकलीफ नको म्हणून मी तयारी करून ठिवलीय. काल सांजेला तू इशरतकडं गेल्ती तवा मी सुताला लावायची खळ शिजवली. समद्या लडी तिच्यात बुडवून ठिवल्या. तू फक्त पिळून वाळू घाल. मागावर बसायला माझा भाचा कय्युम येणार हाय.

चाँदबी : तुमी खळ शिजवली?

जमील : व्हय.

चाँदबी : तुमी? खळ म्हणजे बाईचं काम, पुरुषानं धोटा फेकायचा, म्हणणारे तुमी? चुलीजवळ कधी आला न्हाईत. विस्तव कुठून पेटवायचा ते तरी ठावं हाय का?

जमील : दोनदा विझला. तिसऱ्यांदा पेटला. जाताना तुझ्यासाठी काय तरी करून जावं वाटलं.

चाँदबी : बघा हिरासिंगभाऊ. इतक्या मायेनं सोडून जातो हा माणूस, की रडावं का हासावं कळत न्हाई. कुठंय मडकं?

जमील : परसात. रांजणाच्या बाजूला झाकून ठिवलंय.

चाँदबी : बघते. कच्ची ऱ्हायली असंल तर सूत वाया जाईल. लढाईपायी कुपनावर मिळतं ते.

हिरासिंग : भिया, भाबी तिकडं हाय तवर एक इचारू?

जमील : इचार.

हिरासिंग : तुला पुडी न घेता होतं का?

जमील : काय होतं का?

हिरासिंग : काय म्हणजे... तेच. मपलं पुडीबिगर आता हालतच न्हाई. पहिलं आमचं कसं, कोंबडा आरवला की मी उठलो. कधी इचार केला न्हाई. आता पुडी न्हाई घेतली तर पोट दगडावाणी. घेतली तर दिवसभर मुरडा मारतो, चक्कर येती. परवा बैल धरून उभा होतो, बैलानंच मला धरलं म्हण.

जमील : म्हणजे अजून माद्दा बाकी हाय. हकीमसाबला सांग, पुडी वाढवून देतील.

हिरासिंग : सांगतलं. वाढवून दिली.

जमील : मंग?

हिरासिंग : मंग मुरडा बी वाढला.

चाँदबी : या अल्ला! अजराचे अब्बा! इकडं या! आधी इकडं या!

जमील : काय झालं? इंचू चावला का?

चाँदबी : इंचू परवडला असता! तुमी तुमची ती घाण माझ्या मडक्यात ठिवली? खळीच्या मडक्यात? कुंपण पुरलं न्हाई तुमाला?

जमील : कोणती घाण? चल रे हिरासिंग, बघू काय म्हणती ही.

चाँदबी : हे बघा! हे काय हाय? काठीवर धरते, हात लावायची न्हाई मी. ही एक. ही दुसरी, लडीला गुंडाळून बसली. अजून खाली हाईत!

हिरासिंग : आरं बापरे. भिया, ही तर माझ्या दोरीवाणीच.

जमील : माझ्यावाणी हाय. तशीच काळी, तशीच जाड.

हिरासिंग : न्हाई, लांबी बघ ना. लांबी मपल्यावाणी. पण इतकी तर रूपसिंगची बी नव्हती. कोणाची म्हणावी ही?

चाँदबी : तेच इचारून राहिले मी! कोणाची?

जमील : चाँदबी, मी कुराणावर हात ठिवून सांगतो. माझी होती ती त्याच दिवशी तू शेतात फेकायला लावली. मी मडक्यात खळ शिजवली, लडी बुडवल्या, झाकण ठिवलं. बस.

हिरासिंग : मडक्याचं पोट सडलं म्हणावं का?

चाँदबी : मडक्याला कुठलं आतडं हो? थांबा. नीट सांगा मला. खळ कशाची केली?

जमील : कशाची म्हणजे? चिंचोक्याच्या पिठाची. ज्वारी खायलाच पुरत न्हाई म्हणून लढाई लागल्यापासून तू चिंचोक्याचीच करती ना?

चाँदबी : पीठ कुठून घेतलं?

जमील : चुलीमागच्या गाडग्यातून. तिथंच ठिवती ना तू?

चाँदबी : ...चुलीमागच्या गाडग्यातून.

जमील : व्हय. थोडं जास्तच पडलं असंल. मला अंदाज न्हाई. आता अशी काय बघती माझ्याकडं? बोल ना.

चाँदबी : चिंचोक्याचं पीठ परवाच सरलं.

जमील : मंग गाडग्यात काय होतं?

चाँदबी : तुमच्या पुड्या.

जमील : काय?

चाँदबी : अजराच्या पुड्या. मीच लपवल्या. तुमी माझ्या गाडग्या-मडक्यात कधी हात घालत न्हाई, म्हणून त्याच्यात ओतल्या. कागद चुलीत घातले. मला काय ठावं, आजवर चुलीला पाठ देणारा माणूस नेमका कालच खळ शिजवणार!

हिरासिंग : थांबा भाबी, थांबा. मपलं डोकं बैलाच्या चालीनं चालतं. म्हणजे या मडक्यात पुडीच हाय? नुसती पुडी अन् पाणी?

चाँदबी : पुडी, पाणी अन् माझं सूत.

हिरासिंग : माणूस न्हाई? माणसाचं आतडं न्हाई? शादीतला पुलाव न्हाई?

चाँदबी : दालचा बी न्हाई.

जमील : न्हाई, असं न्हाई होणार. गाडग्यातच काय तरी आधीचं असंल. चिकट काय तरी. हकीमसाब खोटं कशाला बोलतील?

चाँदबी : गाडग्यात अजून मूठभर उरलंय. ऱ्हा, आणते. हिरासिंगभाऊ, चुलीवरचं कोमट पाणी घ्या वाडग्यात. तुमच्या हातानं घ्या, न्हाई तर म्हणतील मी जादू केली.

हिरासिंग : घेतलं. टाका. भिया, तूच ढवळ.

जमील : ढवळून राहिलो. काय व्हायलंय? पाणी हाय नुसतं. गढूळ पाणी. बघा, मी म्हणलं होतं.

चाँदबी : पोटात काय टाकलं की लगेच दोरी होती का? रात्रभर लागतो ना? दम धरा. वास घ्या तवर.

जमील : कशाचा वास? दवाचा वास येतो. दवाखान्यावाणी.

चाँदबी : मला मुलतानी मातीचा येऊन राहिला. केस धुवायची माती. भिजली की असाच येतो. अन् हा चिकटपणा इसबगोलाचा, मोहरमात सरबतात घालतो तो. ह्या काड्या सोनामुखीच्या. त्यानंच मुरडा येतो. इतकं तर कोणतीही बाई सांगंल.

हिरासिंग : माती?

चाँदबी : माती.

हिरासिंग : म्हणजे हकीमसाब म्हणले, तुमच्या पोटात माती हाय, ते खरंच होतं. पण ती म्या लेकरू असताना न्हाई खाल्ली. ती म्या आदल्या रात्री खाल्ली!

चाँदबी : अन् त्यानंच दिली.

हिरासिंग : अन् म्या मान हलवून म्हणलं, वाहवा हकीमसाब, बराबर वळखलं!

जमील : हे... हे घट्ट होऊन राहिलं. काडी फिरंना.

चाँदबी : उचला काडी.

जमील : लोंबून राहिलं.

हिरासिंग : पिकायची हाय अजून, पण ही दोरीच, भिया. रूपसिंगला बोलवू का? बिचारा पंचायतीत वरच्या जागी बसून राहिला त्या दोरीपायी!

जमील : म्हणजे माझा फासिद माद्दा...

चाँदबी : तो तुमी राती गिळला अन् सकाळी बाहेर टाकला. त्यानं धुऊन, काडीवर धरून, तुमचाच तुमाला दाखवला.

जमील : पण मला आराम पडला चाँदबी! ते तर खोटं न्हाई! तू बी म्हणली!

चाँदबी : न्हाई खोटं. पण पुडीसोबत काय काय करायला सांगतलं होतं त्यानं? आठवा.

जमील : पुडीवर तांब्याभर पाणी. दिवसातून चार-सहा वेळा तांब्याभर. पालेभाजी खायची. च्या-बिडी बंद. सांजेला शिवारापर्यंत चालून यायचं.

चाँदबी : अन् त्याच्या आधी काय करत होते तुमी? फजरला मागाच्या खड्ड्यात उतरलं की दिवस मावळल्यावर वर. पाणी दिलं की म्हणायचे, नको, पाणी प्यालं की उठावं लागतं, धागा तुटतो. मेथी केली की म्हणायचे, मी शेळी हाय का? ठेच्यावर भाकर अन् बिडीवर बिडी. आतडं काय करंल बिचारं! पुडीच्या नावानं का होईना, तुमी पाणी प्याले, पाला खाल्ला, पाय हलवले. पुडीनं एक-दोन दिस जुलाब झाले असतील. बाकी समदं पाण्याचं अन् पायाचं काम.

जमील : हे तू कधी सांगतलं न्हाई.

चाँदबी : सांगतलं न्हाई? हिरासिंगभाऊ, मी सांगतलं न्हाई म्हणतो हा माणूस! रोज सांगत होते. पण माझ्या बोलण्याला हकीमसाबची दाढी नव्हती ना.

हिरासिंग : भाबी, मंग मपलं कसं? मी तर आधी बी चालतच होतो, पाणी बी पीत होतो. चांगलं चाललं होतं.

चाँदबी : चांगलं चाललं होतं तर पुडी घेतली काहून?

हिरासिंग : समदे घेऊन राहिले, म्हणलं आपल्या आत काय हाय ते बघावं.

चाँदबी : आता बघितलं ना? पुडी सोडा. चार दिस जड जाईल, पाणी प्या, भाजी खा. पोटाला त्याचं काम येतं, त्याला तुमच्या चाबकाची सवय लागली म्हणून अडून बसलं.

हिरासिंग : बैल बी असाच बिघडतो. रोज टोचलं की टोचल्याबिगर पाऊल उचलत न्हाई. आमच्या बैलाचं मला कळतं, मपलं मला कळलं न्हाई बघा.

जमील : चाँदबी, अजराच्या पुड्या तू काहून लपवल्या? तुला तर तवा हे ठावं नव्हतं.

चाँदबी : हे ठावं नव्हतं. पण लेकीला सातवा महिना हाय, हे ठावं होतं. दिवसात असलेल्या पोरीला कोणी जुलाब देतं का हो? मुरडा तिच्या एकटीच्या पोटात उठला असता का? मी म्हणले असते तर तुमी ऐकलं नसतं. हकीमसाब म्हणतात, माद्दा लेकराला लागंल, असं म्हणले असते.

जमील : तसंच म्हणणार होतो. या अल्ला... चाँदबी, मी माझ्या हातानं लेकीला देणार होतो गं. जावयाला म्हणणार होतो, रोज आठवणीनं दे.

चाँदबी : न्हाई दिल्या ना. पुसा डोळे. वाडगं सांडंल.

हिरासिंग : ते मडकं इकडं द्या भाबी. पारावर नेतो अन् हकीमसाबच्या म्होर ठिवतो. चार माणसं बसलेलीच हाईत तिथं. बघू काय म्हणतो.

जमील : न्हाई, साक्ष मी दिली. मीच येतो.

चाँदबी : तुमी आता गेले तर भांडाल न्हाई तर रडाल. हिरासिंगभाऊला जाऊ द्या. तुमी लडी धुवायला बसा माझ्यासोबत. सुकलं तर सूत जन्मात सुटायचं न्हाई.

(हिरासिंग मडकं घेऊन पाराकडं जातो. नवरा-बायको परसात घंगाळाजवळ लडी धुवायला बसतात.)

जमील : हे पाण्यानं निघंना.

चाँदबी : हळू. ओढू नका. बोटानं सोडवा, असं.

जमील : चाँदबी, तू रागावली?

चाँदबी : पहिलं होते. आता सूत सोडवू का रागवू?

जमील : मी तुला सोडून जात नव्हतो.

चाँदबी : बिस्तरा बांधून गाडीत ठिवला होता. त्याला काय म्हणतात मंग?

जमील : कसं सांगू तुला... पहिल्यांदा हकीमसाबनं हात धरून गाडीवर उभं केलं. मी बोलायला लागलो अन् माणसं थांबली. बाजारातली माणसं, सौदा टाकून! संतराम वाणी तराजू हातात धरून तसाच ऐकत उभा. मी हासलो की हासायचे. आयुष्य कमरेइतकं खड्ड्यात गेलं माझं. वरून बोलणारा माणूस कसा दिसतो ते कधी ठावंच नव्हतं. पोटाचा आराम एकीकडं, पण ती गोडी लागली मला. तिच्यापायी निघालो होतो. आता तुझ्यापासून काय लपवू?

चाँदबी : मला वाटलं, माझा कटाळा आला.

जमील : तुझा? येडी का तू?

चाँदबी : अजरा सासरी गेली. घरात तुमी अन् मी. दिवसभर माग खट्खट् करतो, तुमी त्याच्यावरून काय काय बोलत असता, मला अर्धंच ऐकू येतं. तरी मी कांड्या भरत भरत हूं हूं म्हणते. पण परवा राती तुमी बिस्तरा बांधला तवा मला वाटलं, आता हूं तरी कोणाला म्हणू? पुड्या एकट्या अजरापायी न्हाई लपवल्या मी. वाटलं, पुड्या न्हाई सापडल्या तर हा माणूस निघायचा न्हाई. एक दिस तरी.

जमील : हे आधी सांगायचं ना.

चाँदबी : लाज वाटली. केस पिकले आता.

हिरासिंग : भाबी! भिया! अरे ऐका, ऐका! हासून हासून मपलं पोट दुखायलं!

जमील : आला का? काय म्हणले हकीमसाब?

हिरासिंग : म्या मडकं ठिवलं. काठीनं दोरी काढली, समद्याला दाखवली. म्हणलं, हकीमसाब, ही कोणाच्या पोटातली? त्यानं उजेडात धरली, मान हलवली अन् म्हणला, बहोत पुराना मर्ज हाय, या माणसाला लई जपा.

चाँदबी : माझ्या मडक्याला!

हिरासिंग : मंग म्या सांगतलं, हे खळीचं मडकं हाय, आत सूत होतं. समदे बघून राहिले. मंग गडी दाढीवरून हात फिरवून म्हणतो कसा, म्हणजे जमीलमियाँच्या सुतालाच फासिद माद्दा झाला होता. चुरनानं तो बाहेर काढला.

जमील : असं म्हणला?

हिरासिंग : असंच म्हणला! मंग संतराम वाणी उठला अन् म्हणला, हकीमसाब, माझं धोतर लई दिस जड जड वाटून राहिलंय, त्याला बी एक पुडी द्या. अन् अशी माणसं हासली, अशी हासली, की पारावरचे कावळे उडाले. शेवटी हकीमसाबला बी हासू आलं. उत्तमरावची रिकामी गाडी हिंगोलीकडं चालली होती, तिच्यात पेट्या टाकल्या अन् बसला. जाता जाता म्हणला, जमीलमियाँला सलाम सांगा. दवा दुसरी मिळंल, तशी जबान पुन्हा मिळायची न्हाई.

जमील : तसा दिलाचा वाईट नव्हता.

चाँदबी : न्हाई ना. फक्त लोकाला चिखल चारत होता.

हिरासिंग : अन् भिया, समदे म्हणले, पुढच्या बाजारी जमीलला पारावर आणा. मडक्याची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकायची. हिरासिंगला सांगता येत न्हाई, मधीच हासतो.

जमील : मला? पुन्हा? मी काय तोंड घेऊन उभा राहू?

हिरासिंग : जे हाय तेच घेऊन ये. आता मी निघतो. औंढ्याला जायचंच हाय मला, अजराला काय निरोप?

चाँदबी : तिला म्हणा, अब्बानं खुशाली इचारली. ही मेथीची जुडी द्या अन् हे पेरू. पाणी पीत जा म्हणा. अन् हिरासिंगभाऊ, तो बिस्तरा उतरवून ठिवा गाडीतून.

हिरासिंग : तो मघाच वट्यावर टाकला भाबी. येतो मी. आता वाटंत पहिलं रूपसिंगला गाठतो!

जमील : गेला. आता पुऱ्या तांड्यावर डंका वाजवंल.

चाँदबी : वाजवू द्या. ही लडी सुटली बघा. दुसरी घ्या.

जमील : पुढच्या बाजारी खरंच बोलवतील का गं?

चाँदबी : बोलवतील. काय सांगणार ते आधी मला सांगा.

जमील : तुला? तुझ्या डोळ्याम्होर तर झालं समदं.

चाँदबी : झालं. पण तुमच्या तोंडून कुठं ऐकलं? माग बंद हाय, लडी अजून लई हाईत. बोला.

जमील : बरं. तर ऐका लोकहो. जवळा बाजारचा जमील मोमीन मी. माझ्या घरात एक बाई हाय. तिनं चुलीमागं एक गाडगं ठिवलं होतं, अन् त्या गाडग्यात मी जन्मात कधी हात घातला नव्हता...

चाँदबी : मंग?